किशोरवयीनांचे गिरिभ्रमण प्रशिक्षण (सिंधुदुर्ग जिल्हा)

किशोरवयीनांचे गिरिभ्रमण प्रशिक्षण म्हणजे साधारण १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींना डोंगरातील पायी भ्रमंतीचे नियोजन स्वतः करण्यास, ती सुरक्षितपणे पार पाडण्यास आणि तिचा आनंद घेण्यास शिकवण्याची पद्धत होय. गिर्यारोहणात दोर, खिळे, बर्फकुऱ्हाड अशी विशेष साधने लागतात. गिरिभ्रमणात ती लागत नाहीत, कारण ते मळलेल्या पायवाटा, घाटवाटा आणि गडवाटा यांवरून चालत जाण्यापुरते मर्यादित असते. महाराष्ट्रात यासाठी पदभ्रमण, डोंगरभ्रमंती आणि ट्रेक हे शब्दही वापरले जातात.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाची माहिती देतो. समुद्रकिनारा, उघडे कातळसडे, घनदाट जंगल आणि सह्याद्रीचे कडे हे चारही प्रकार या एका जिल्ह्यात जवळजवळ आढळतात. त्यामुळे नवशिक्या मुलांना सोप्या वाटेकडून अवघड वाटेकडे क्रमाने नेणे येथे शक्य होते.

सहल आणि प्रशिक्षण यांतील भेद

शालेय सहलीत ठिकाण, वेळ, वाट आणि जेवण या सर्व गोष्टी मोठी माणसे ठरवतात आणि विद्यार्थी त्यांच्यामागून चालतात. अशा सहलीत मुले सुखरूप परत आली, तरी पुढच्या वेळी स्वतः निघताना काय पाहावे हे त्यांना कळलेले असतेच असे नाही. प्रशिक्षणात हा क्रम उलटा असतो. नकाशा मुले वाचतात, वेळेचा हिशेब मुले मांडतात, पाणी किती घ्यायचे हे मुले ठरवतात, आणि शिक्षक किंवा प्रशिक्षक त्या निर्णयांची तपासणी करतो.

या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. सिंधुदुर्गातील अनेक गावे डोंगराच्या पायथ्याशी वसलेली आहेत, तर किनाऱ्यावरील मुलांना आंबोलीसारखे ठिकाण मोटारसायकलवरून काही तासांत गाठता येते. आठवी-नववीतील मुले मोठ्यांना न सांगता धबधब्यावर किंवा गडावर जातात, हे सर्वत्र आढळणारे वास्तव आहे. मनाई केल्याने हे जाणे थांबत नाही, फक्त ते लपून होते. म्हणून प्रशिक्षणाचा खरा हेतू शिक्षक सोबत नसतानाही मुलाला योग्य निर्णय घेता यावा, हा असतो.

पार्श्वभूमी

तरुणांच्या जडणघडणीसाठी डोंगराचा उपयोग करण्याची आधुनिक कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर घेतलेल्या शिबिरातून स्काऊट चळवळ सुरू झाली. जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोवी येथे 'आउटवर्ड बाउंड' या संस्थेची पहिली शाळा निघाली.

भारतात एव्हरेस्टच्या पहिल्या यशस्वी चढाईनंतर १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग या संस्था स्थापन झाल्या. भारत स्काऊट्स आणि गाईड्स व राष्ट्रीय छात्रसेना यांच्या कार्यक्रमांतही पदभ्रमणाला स्थान आहे.

महाराष्ट्रात या छंदाला दुर्गभ्रमंतीची विशेष जोड मिळाली. गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गविषयक लेखनाने मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना गडांकडे वळवले. पुण्याची गिरिप्रेमी, मुलुंडची चक्रम हायकर्स यांसारख्या संस्थांनी शिस्तबद्ध भ्रमंतीची परंपरा निर्माण केली. राज्यातील गिर्यारोहण संस्थांची अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ ही शिखर संस्था आहे.

मुलांच्या सुरक्षिततेविषयीचे नियम बहुतेक देशांत दुर्घटनांनंतर कडक झाले. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडमधील केअर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडून एडिनबरा येथील पाच शाळकरी मुले आणि त्यांची सहायक मार्गदर्शिका यांचा मृत्यू झाला. पठारावरील एका लहानशा निवाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा त्यांचा बेत होता, परंतु वादळात तो निवारा गाठता आला नाही. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांना डोंगरात नेणाऱ्यांच्या पात्रतेकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. संपूर्ण योजना एकाच ठिकाणावर किंवा एकाच गृहीतावर अवलंबून ठेवू नये, हा धडा देण्यासाठी हे उदाहरण आजही सांगितले जाते.

सिंधुदुर्गातील भूप्रदेश

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. गिरिभ्रमणाच्या दृष्टीने जिल्ह्याचे तीन पट्टे पडतात.

किनारपट्टी: मालवण, देवगड आणि वेंगुर्ला या तालुक्यांत लहान टेकड्या, भूशिरे आणि खाड्या आहेत. निवती, यशवंतगड (रेडी) आणि विजयदुर्ग ही येथील दुर्गस्थळे होत. मालवण तालुक्यात कालावल खाडीच्या दोन काठांवर भरतगड आणि भगवंतगड हे किल्ले समोरासमोर उभे आहेत. येथील चढ कमी असून वस्ती जवळ असल्यामुळे पहिल्या भ्रमंतीसाठी हा पट्टा योग्य समजला जातो.

सडे: किनारा आणि सह्याद्री यांच्या दरम्यान जांभा दगडाची सपाट पठारे आहेत. त्यांना स्थानिक भाषेत सडा म्हणतात. मालवण तालुक्यातील कुडोपी येथील सड्यावर प्राचीन कातळशिल्पे आहेत. कोकणातील ज्या कातळशिल्पस्थळांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यांत कुडोपीचाही अंतर्भाव होतो. सड्यावर चाल सोपी असते, पण सावली आणि पाणी जवळजवळ नसते. शिवाय सगळीकडे सारखेच दिसत असल्याने दिशा चुकण्याचा संभव असतो.

सह्याद्री: सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, वैभववाडी आणि दोडामार्ग या तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग आहे. आंबोली, फोंडा, करूळ आणि भुईबावडा हे येथील घाट होत. आंबोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर आहे. कुडाळ तालुक्यातील शिवापूरजवळचा मनोहरगड, आंबोली परिसरातील महादेवगड आणि नारायणगड, दोडामार्ग तालुक्यातील हनुमंतगड आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीतील, परंतु कोकणातूनही वाट असलेला रांगणा ही या पट्ट्यातील परिचित ठिकाणे आहेत. मनोहरगडाला लागून असलेल्या मनसंतोषगडाची चढण धोकादायक असल्याने तो सामान्य गिरिभ्रमणाच्या कक्षेत येत नाही.

किशोरवय आणि जोखीम

किशोरवयीन मुलांना धोका कळत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शांतपणे विचारले असता तो धोक्याचे वर्णन प्रौढाइतकेच नेमके करू शकतो. अडचण येते ती सोबती पाहत असताना. मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयोगटांतील व्यक्तींना मोटार चालवण्याचा संगणकीय खेळ एकट्याने आणि सोबत्यांसमोर खेळावयास दिला होता. सोबत्यांच्या उपस्थितीत किशोरवयीनांनी पत्करलेली जोखीम लक्षणीय प्रमाणात वाढली. प्रौढांच्या वागण्यात तसा फरक दिसला नाही.

डोंगरावर याचा अर्थ असा की, 'कड्याजवळ जाऊ नका' ही सूचना पुरेशी ठरत नाही. मुलाला सूचना ठाऊक असते, पण मित्र छायाचित्र काढण्यासाठी उभा असतो. जुलै २०१७ मध्ये आंबोलीजवळील कावळेसाद येथे संरक्षक कठडा ओलांडून कड्याच्या टोकाशी गेलेले दोन तरुण दरीत कोसळून मृत्युमुखी पडले. तेथे कठडा होता आणि तो कशासाठी आहे हेही उघड होते.

यावरून प्रशिक्षणाचे एक तत्त्व निघते. धोक्याच्या जागेवरचा निर्णय त्या जागी न घेता निघण्यापूर्वी, सर्वांच्या संमतीने घेतलेला असावा. कड्यापासून किती पावले दूर थांबायचे, छायाचित्र कोठे काढायचे आणि किती वाजता मागे फिरायचे हे आधी ठरलेले असले, की ऐनवेळी 'नको' म्हणणारा मुलगा भित्रा ठरत नाही, तो ठरलेले पाळत असतो. 'नको' म्हणण्याचा अधिकार गटातील प्रत्येकाला असून त्यासाठी कारण देण्याची गरज नाही, असा नियम अनेक प्रशिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात.

प्रशिक्षणाचे टप्पे

जबाबदारी टप्प्याटप्प्याने सोपवणे हे या प्रशिक्षणाचे मुख्य सूत्र मानले जाते. सिंधुदुर्गातील भूप्रदेशाला अनुसरून त्याचे चार टप्पे करता येतात.

१. ओळखीचा डोंगर: गावाजवळची टेकडी किंवा सडा. दोन-तीन तासांची चाल. पादत्राणे, पाणी, चालण्याचा वेग आणि रांगेत राहणे यांचा सराव. निर्णय शिक्षकाचा, परंतु प्रत्येक निर्णयाचे कारण मुलांना सांगितले जाते.

२. नकाशासह चाल: भरतगड-भगवंतगड परिसर किंवा कुडोपीचा सडा. वाट मुले दाखवतात आणि शिक्षक त्यांच्यासोबत चालतो. चूक झाल्यास ती धोकादायक नसेल तोवर लगेच दुरुस्त केली जात नाही. चुकलेली वाट स्वतः ओळखून मागे येणे हा या टप्प्यातील सर्वांत उपयुक्त धडा समजला जातो.

३. दिवसभराचा गड: मनोहरगडासारखे ठिकाण, स्थानिक वाटाड्यासह. संपूर्ण नियोजन मुले लेखी करतात आणि शिक्षक ते तपासून मंजूर करतो.

४. दुरून देखरेख: वाट आधी चाललेली आणि सोपी. मुले लहान गटाने पुढे जातात आणि शिक्षक ठरलेल्या जागी त्यांची वाट पाहतो किंवा अंतर ठेवून मागून येतो. हा टप्पा पालकांच्या लेखी संमतीने, कोरड्या ऋतूत आणि आधीचे तीन टप्पे पूर्ण केलेल्या मुलांसाठीच असतो.

गट शक्यतो लहान असावा. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे एकेक जाणकार व्यक्ती असते. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीवर ठरतो, म्हणून त्याला पुढच्या व्यक्तीच्या लगेच मागे ठेवण्याची पद्धत आहे.

नियोजन

नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे गिरिभ्रमणासाठी उपयुक्त आहेत. या प्रमाणात नकाशावरील २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर होतो. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना समोच्च रेषा म्हणतात. या रेषा एकमेकींजवळ असल्यास चढ तीव्र आणि दूर असल्यास सौम्य असतो. भूगोलाच्या पुस्तकातील हा भाग मुलांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. गावामागच्या ओळखीच्या टेकडीचा नकाशा समोर ठेवल्यास तो लवकर उमगतो.

भ्रमणध्वनीवरील नकाशे उपयोगी असले, तरी सह्याद्रीच्या पायथ्याच्या अनेक दऱ्यांत संपर्क मिळत नाही आणि विद्युतघट संपण्याचीही शक्यता असते. म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत असणे इष्ट ठरते.

वेळेचा हिशेब

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो. त्यानुसार सपाटीवरील दर ५ किलोमीटरला १ तास आणि त्यात दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास धरावा. हा हिशेब थंड हवेतील सराईत चालणाऱ्यासाठी आहे. कोकणातील दमट हवा आणि नवशिकी मुले लक्षात घेता आलेल्या वेळेची दीडपट करणे व्यवहार्य ठरते.

उदाहरणार्थ, ५ किलोमीटर अंतर आणि ४२० मीटर चढाई असलेल्या वाटेला नियमानुसार ६० मिनिटे अधिक ४२ मिनिटे, म्हणजे १०२ मिनिटे लागतात. त्याची दीडपट १५३ मिनिटे होतात. त्यात विश्रांतीची अर्धा तास भर घातल्यास चढाईला सुमारे तीन तास धरावे लागतात. सकाळी ७ वाजता निघालेला गट १० वाजता माथ्यावर पोहोचतो.

परतीची वेळ

ज्या वेळी गट जेथे असेल तेथून मागे फिरतो, त्या वेळेला परतीची वेळ म्हणतात. ती निघण्यापूर्वी ठरवून प्रत्येकाच्या वहीत लिहिली जाते. वरील उदाहरणात ती दुपारी १२ अशी ठरवता येईल. उतरण्यास अडीच-तीन तास धरल्यास गट तीन वाजेपर्यंत पायथ्याला येतो. डिसेंबर महिन्यात या भागात सूर्य सुमारे सहा वाजता मावळतो. म्हणजे तीन तासांची शिल्लक राहते. कोणाचा घोटा मुरगळला किंवा वाट चुकली, तर हीच शिल्लक उपयोगी पडते.

माथा अर्ध्या तासावर दिसत असताना मागे फिरणे मुलांना सर्वांत अवघड वाटते. म्हणून काही प्रशिक्षक एखादी भ्रमंती मुद्दाम माथ्याआधी थांबवतात, जेणेकरून मागे फिरणे हे अपयश आहे ही भावना राहू नये. गड आहे तेथेच असतो आणि पुन्हा येता येते, हे मुलांनी एकदा अनुभवलेले असले, की पुढे एकट्याने निर्णय घेताना ते आठवते.

निरोपाचा कागद

गट कोठे चालला आहे, कोणत्या वाटेने, किती जण, कोणत्या वेळी परत येणार आणि त्या वेळेनंतर किती तासांनी शोध सुरू करावा, ही माहिती लिहून एक प्रत घरी आणि एक पायथ्याच्या गावात ठेवली जाते. बेत बदलल्यास निरोप कळवणे आणि परत आल्यावर पोहोचल्याचे सांगणे हाही नियोजनाचाच भाग आहे.

ऋतू आणि धोके

पावसाळा: आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून तेथे वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात शेवाळलेला जांभा अत्यंत निसरडा होतो. डोंगरातील वहाळ घाटमाथ्यावरील पावसाने काही मिनिटांत फुगतो, जरी खाली ऊन पडलेले असले तरी. गुडघ्यापेक्षा खोल किंवा गढूळ वाहत्या पाण्यात उतरू नये. तेथे थांबावे, कारण असे पाणी पाऊस ओसरल्यावर बहुधा लवकर उतरते. नवशिक्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य आहे.

वीज: मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात. उघड्या सड्यावर उभा माणूस हाच सर्वांत उंच ठरतो. गडगडाट ऐकू येताच सडा सोडून सखल जागी यावे. एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नये आणि एकमेकांपासून अंतर ठेवावे.

उष्णता: मार्च ते मे या काळात दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. चक्कर, मळमळ आणि डोकेदुखी ही सुरुवातीची लक्षणे होत. माणूस असंबद्ध बोलू लागल्यास तो उष्माघात समजून त्याला सावलीत आणावे, अंग ओले करून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.

भरती: भूशिराखालून पुळणीवरून जाणारी वाट भरतीच्या वेळी बंद होते. कोकणात भरतीच्या वेळेचा एक पारंपरिक ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार तिथीच्या अंकाची पाऊणपट केल्यास भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सुमारे सहा वाजता भरती असते. प्रत्यक्ष नियोजनासाठी भरती-ओहोटीचे तक्ते पाहणे आवश्यक आहे. चालून थकलेली मुले शेवटी समुद्रात उतरण्याचा आग्रह धरतात. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळील वायरी येथे बेळगावहून सहलीला आलेल्यांपैकी आठ जण समुद्रात बुडाले. त्यामुळे समुद्रस्नान भ्रमंतीच्या कार्यक्रमात आयत्या वेळी घालू नये.

साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप कोकणात आढळतात. त्यांपैकी फुरसे लहान असून कातळावरील दगडांखाली असते, म्हणून दगड उचलू नयेत आणि न पाहता हात टेकू नये. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळणे टाळावे. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ही सोय जवळ कोठे आहे याची चौकशी आधीच केलेली असावी.

माकडताप: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज या नावाने ओळखला जाणारा हा विषाणूजन्य ताप १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळला आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर परिसरात त्याची साथ आली. तो जंगलातील गोचिडीच्या चाव्याने पसरतो. जानेवारी ते मे या काळात साथीच्या भागातील जंगलात जाणे टाळावे. इतरत्र जाताना विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, पाल्यावर बसू नये आणि परतल्यावर अंघोळ करून अंग तपासावे. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य किंवा वन विभागाला कळवावे.

मधमाश्या: गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तराचा उग्र वास आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात.

साहित्य आणि आहार

महागड्या साधनांअभावी कोणी मागे राहू नये, हे शालेय स्तरावर महत्त्वाचे आहे. पकड असलेले जुने बूट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी, दोन्ही खांद्यांवर अडकवायची पिशवी, शिटी, विजेरी आणि प्रथमोपचार पेटी एवढ्यावर दिवसभराची भ्रमंती होऊ शकते. शिटीचे सहा आवाज, मग एक मिनिट थांबणे आणि पुन्हा सहा आवाज, हा डोंगरातील मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

पाणी प्रत्येकी किमान २ ते ३ लिटर असावे. कोकणातील घरगुती पदार्थ या कामी उत्तम ठरतात. निघण्यापूर्वी ऊन पेज, वाटेत केळी, गूळ-शेंगदाणे, तांदळाची भाकरी किंवा घावणे आणि घामावाटे गेलेल्या क्षारांसाठी मीठ घातलेले कोकम सरबत चालते. जलसंजीवनीची पाकिटे सोबत असावीत.

मदत

आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. डोंगरात प्रत्यक्ष मदत बहुधा सर्वांत आधी पायथ्याच्या गावातून येते. म्हणून वाडीतील जाणत्यांची ओळख करून घेणे हा सुरक्षिततेचाच भाग ठरतो. अपघात झाल्यास एकाने जखमीजवळ थांबावे आणि शक्यतो दोघांनी मिळून मदतीसाठी जावे. जाताना जागेचे वर्णन आणि जखमीची अवस्था कागदावर लिहून न्यावी, कारण घाबरलेल्या मुलाकडून तोंडी निरोपात चुका होतात.

मुलींचा सहभाग

अनेक गावांत मुलींना भ्रमंतीस पाठवताना पालक संकोच करतात. गटासोबत शिक्षिका किंवा महिला प्रशिक्षक असणे, शौचाची आणि कपडे बदलण्याची सोय आधी पाहून ठेवणे आणि परतण्याची वेळ काटेकोरपणे पाळणे यांमुळे हा संकोच कमी होतो. मासिक पाळीसाठी लागणारे साहित्य प्रथमोपचार पेटीतच ठेवल्यास मुलीला ते मागावे लागत नाही. नेतृत्वाची पाळी मुलामुलींना समान येईल, अशी आखणी केली जाते. अन्यथा नकाशा मुलांच्या हाती आणि जेवणाची पिशवी मुलींच्या हाती, अशी वाटणी नकळत होते.

आनंदाचा भाग

केवळ धोक्यांची यादी ऐकलेले मूल डोंगरापासून दूर जाते किंवा यादीकडे दुर्लक्ष करते. म्हणून पाहण्यासारखे काय आहे हे शिकवणे सुरक्षिततेइतकेच आवश्यक आहे, कारण थांबून पाहणारा गट घाई करत नाही. आंबोली परिसर या दृष्टीने समृद्ध आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमस्थानी सापडलेल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये त्याचे अधिवासस्थान जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. पावसाळ्यानंतर सड्यांवर उमलणारी रानफुले, देवरायांतील जुने वृक्ष, गडावरील पाण्याची टाकी आणि तटबंदीतील दगडांची जुळणी यांची नोंदवही ठेवल्यास भूगोल, इतिहास आणि विज्ञान हे विषय एकत्र येतात.

वाटांची स्थानिक नावे विचारून लिहून घेणे हाही एक उपक्रम आहे. व्हाळ, टेंब, गडगा, पाणंद असे शब्द आणि त्यांमागच्या कथा गावातील वृद्धांकडून कळतात, आणि वाट चुकल्यावर गावकऱ्याशी बोलताना हेच शब्द कामी येतात.

नियम आणि गावाशी वर्तन

साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत महाराष्ट्र शासनाने २०१४ आणि २०१८ मध्ये शासन निर्णय काढले. २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर झाले. त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. शालेय सहलींसाठी शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घ्यावी लागते. राधानगरी अभयारण्य, तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र आणि इतर वनक्षेत्रांत वन विभागाचे नियम लागू होतात.

काही गड आणि सडे खाजगी मालकीचे आहेत. भरतगड हे त्याचे उदाहरण होय. तेथे जाण्यापूर्वी मालकांची परवानगी घेणे उचित असते. काजूच्या बागेतील फळ न तोडणे, गडगा ओलांडताना दगड न पाडणे, देवराईत गावाचा रिवाज पाळणे आणि कचरा परत आणणे या गोष्टी मुलांना नियोजनासोबतच शिकवल्या जातात.

मर्यादा आणि मतभेद

दुर्घटनेनंतर शाळा सहलीच बंद करतात, अशी तक्रार गिर्यारोहण संस्थांकडून केली जाते. याउलट, प्रशिक्षित व्यक्ती उपलब्ध नसताना जबाबदारी कोणी घ्यावी, हा शाळांचा प्रश्नही रास्त आहे. गावातील एका शिक्षकावर पन्नास मुलांचा भार टाकून कोणतेही प्रशिक्षण होऊ शकत नाही. समाजमाध्यमांवरून जुळणाऱ्या व्यावसायिक सहलींमध्ये अनोळखी लोकांचे मोठे गट एकत्र येतात. त्यांत नवशिक्या मुलांकडे लक्ष देणे कठीण होते.

जोखीम शून्यावर आणता येत नाही, याविषयी मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे. घडीव पायऱ्या आणि कठडे बांधून वाट सुरक्षित करता येते, पण ती सोय संपते तेथे मुलाला स्वतःच्या निर्णयावरच चालावे लागते. तो निर्णय घेण्याची सवय सोप्या वाटेवर, मोठ्यांच्या नजरेखाली लावणे, एवढेच प्रशिक्षणाला साधता येते.

हेही पाहा

आंबोली
कोकणातील कातळशिल्पे
मनोहरगड
सह्याद्री
सिंधुदुर्ग जिल्हा